मंडळाचं लुगडं

"हे लुगडं नेसून तू मौद्याले जायचं नाही," बाबाराव म्हणाले.

कौशल्याने डबा उघडला, भाकर आणि गरम झुणका ताटात वाढला आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. शेंदरी रंगाचं ते सुती लुगडं खुर्चीच्या पाठीवर होतं. आज सकाळीच तिने कपाटातून काढून त्याला इस्त्री केली होती.

"खाऊन घ्या. रंभाबाई येऊन राहिल्या," ती म्हणाली.

मनीषनगरातलं हे महिला भजन मंडळ रंभाबाईंनी उभं केलेलं. मंडळात पुरुष एकच, ढोलक वाजवणारे बाबाराव. सगळ्यांची लुगडी उमरेडच्या एका विणकराकडून एकाच रंगात करून घेतलेली. मौद्याच्या भजन महोत्सवाला गावोगावच्या बायका येतात. त्या गर्दीत आपलं माणूस लांबूनही ओळखू यावं, हा रंभाबाईंचा विचार. आणि रंभाबाईंनी विचार केला म्हणजे बाकीच्यांनी करायची गरज नसे.

गेल्या वर्षी त्या महोत्सवात, मंडळाचं गाणं रंगात आलं असतानाच वादळ आलं. दिवे गेले आणि मांडवाचे लोखंडी पाइप बायकांवर कोसळले. बाबारावांनी कौशल्याला हाताला धरून त्या अंधारातून ओढत बाहेर आणलं. रुख्मा आतच राहिली. रुख्मा ही मंडळाची मुख्य गायिका. ती गेली आणि मंडळात पुन्हा कुणी खंजिरीला हात लावला नाही.

कौशल्याचं तर मांडवाखाली उभं राहणंही सुटलं. लग्नाला गेली तर अक्षता बाहेरूनच टाकायची. डोक्यावरचं कापड वाऱ्याने हललं की ती बाहेर धावायची. पण हातपाय गाळून बसणारी बाई नव्हती ती. यंदा ऐन सणाच्या गर्दीत ती मुद्दाम बर्डीच्या बाजारात जाऊन उभी राहिली. मग एका बारशाच्या मांडवात पंगत उठेपर्यंत बसली. घामाने पोलकं भिजलं, पण बसली. आता तिला मौद्याला जायचं होतं आणि रुख्माच्या जागेवर बसून गायचं होतं. नाही गेली तर ही भीती जन्मभर मानगुटीवर बसेल, हे तिला पक्कं कळलं होतं. अडचण एवढीच होती की बाबारावांच्या ढोलकाशिवाय तिला गाता येत नव्हतं.

रंभाबाई दारातून आल्या त्या बोलतच आल्या.

"आयोजकायले आज सांगा लागते. येतो का नाही? यंदाही नाही गेलो तर मंडळाले कुलूप लावून टाका."

"मी गाणार हाय," कौशल्या म्हणाली.

"शाबास वं! आन् तुम्ही?" रंभाबाई बाबारावांकडे वळल्या. "काहून तोंड पाडून बसले गा भाऊ? तुम्ही हात सोडला नाही म्हणून ही आज आपल्यासमोर उभी हाय. घरचं माणूस होतं म्हणून वाचली. दुसरा कोणी असता तर आपला जीव घेऊन पळाला असता."

बाबारावांचा घास हातातच राहिला. वर्षभर हे असंच चाललं होतं. कुणी कौतुक केलं की ते उठून जायचे. कौशल्याने उपकाराचा शब्द काढला तरी उठून जायचे. लोक म्हणत, माणूस मोठा साधा. आताही ते ताटावरून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

रंभाबाईंनी कौशल्याकडे पाहिलं. "दुपारपर्यंत सांग," असं हळूच म्हणून त्या गेल्या.

कौशल्याने ताट झाकून ठेवलं. "तुमच्या मनात काय हाय, ते सांगून टाका एकदाचं."

"तुले काही झालं तर?"

"झालं तर होईन. घरात बसून मी कोणती मोठी जगून राहिली?"

"मी आता कोणाचा हात धरू शकत नाही."

"हात धरायले कोण म्हणते? ढोलक वाजवायले चला."

कौशल्याला बाबारावांची कीव आली आणि रागही आला. या माणसाला सोडून आपण जाऊ शकत नाही, याचा राग जास्त आला.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "येतो मी. वाजवतो. पण हे लुगडं नको नेसू. निळं नेस, हिरवं नेस, हे नको."

"सारं मंडळ एका रंगात बसते. मी एकटीच कशी वेगळी बसू?"

"मले तो रंग पाहवत नाही वं."

"काहून?"

बाबारावांनी मान फिरवली. कौशल्या त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काहून, ते आज सांगाच. सांगितल्याशिवाय मी इथून हलत नाही."

बाबाराव खिडकीबाहेर पाहतच बोलू लागले.

"अंधारात तोंडं कुठं दिसून राहिली होती? वीज चमकली, शेंदरी पदर दिसला. मी हात धरला आन् ओढत सुटलो. मैदान पार केलं. रस्त्यावर गाड्यांचे दिवे होते. तिथं वळून पाहिलं त..."

ते हातांनी तोंड झाकून खाली बसले.

कौशल्याचे डोळे भरून आले. पण तिने खुर्चीवरचं लुगडं उचललं, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.

"मले माहीत हाय, भाऊजी," ती म्हणाली. "पूर्ण मैदान पार होईस्तोवर तुम्ही मले रुख्मा, रुख्मा म्हणूनच हाका मारत होते. माझ्या ताईच्या जागी मी बाहेर आली, आता ताईच्या जागी गायलेही मीच जाईन."