शाबासकी

गळ्याच्या दुखण्यावरच्या उपचारांत बाबांच्या जिभेची चवच गेली. आज सकाळी ते हसून म्हणाले, “चव परत आली बघ. उद्यापासून कामावर जातो.” चव न कळणाऱ्या आचाऱ्याला हॉटेलमालक दारातही उभं करणार नव्हता. माझा विश्वास बसेना. संध्याकाळी मी झटपट हलकं जेवण केलं. काटे काढलेला पांढरा मासा तव्यावर भाजला, वर अवोकाडो कुस्करून लिंबू पिळलं. मीठ मात्र मुद्दाम चिमूटभरही घातलं नाही. माझ्या स्वयंपाकाला बाबांनी जन्मभर नाकंच मुरडली. मीठ कणभर इकडेतिकडे झालं, की ताट सरकवायचे. आजही सरकवा, बाबा, भिरकावून द्या, माझी अक्कल काढा, असं मनात घोकत मी समोर उभी राहिले. त्यांनी घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला. “वा!” ते म्हणाले. “मीठ अगदी बरोबर पडलंय. शिकलीस गं पोरी एकदाची.”