बुडाचं बूच

वडील गेले ते दोघा मुलांत मिळून एक जुनी शिडाची होडी ठेवून. भावांची बोलचाल नऊ वर्षं बंद. तरी दोघांनी होडी दुरुस्त केली. थोरला सकाळी येऊन फळ्या बदलायचा, धाकटा संध्याकाळी येऊन रंग काढायचा. निरोप थोरल्याच्या बायकोमार्फत.

होडी पाण्यात घातली त्या दिवशी दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. वीस हात गेले नाहीत तोच पायाशी पाणी. साचलेलं पाणी सोडायला बुडाला असलेल्या भोकाला बूचच नव्हतं.

थोरला काठावरच्या बायकोला ओरडला, "अगं, त्याला विचार, बूच कुठंय?"

"भावजी, हे विचारतायत, बूच कुठंय?"

"माझ्या खिशात! म्हणावं, स्वतःच्या तोंडानं मागा, लगेच देतो."

"अहो, भावजी म्हणतायत..."

"ऐकलं मी! बहिरा नाहीये!"

पाणी गुडघ्यापर्यंत चढलं. थोरल्यानं तोंड उघडलं नाही. वडिलांची होडी शिडासकट आडवी झाली.

छातीभर पाण्यातून थोरला काठावर आला. ओली पँट पिळताना खिशातून काहीतरी टपकन पडलं. दुसरं बूच.

बायको बघतच राहिली. "म्हणजे तुमच्याकडेही होतं?"

"होतं की. पण त्यानं कुठं मागितलं?"