नमुन्याचं दूध

"दर महिन्याला दोन लिटर नेतो मेला, आणि बाटल्या काही लहान होत नाहीत," सासूबाई चुलीपाशी पुटपुटल्या.

अणुवीज केंद्राच्या कुंपणापासून पहिला गोठा आमचा. म्हणून किरणोत्सर्ग तपासायला दूध आमच्याच गाईचं न्यायचं, असा नियम आहे. न्यायला येतात त्यांना घरात सगळे 'नमुनेवाले भाऊजी' म्हणतात.

आजही त्यांनी बाटल्या भरून घेतल्या आणि आधीच्या तपासणीचा कागद माझ्या हातात दिला. "सगळं मर्यादेत आहे, वहिनी. काळजी नको."

कागदावर दूध नेल्याची तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती. ती नेहमीच तशी असते. माझी धाकटी उंबऱ्यावर बसून, ओठांवर पांढऱ्या मिशा काढत, सकाळचं दूध पीत होती. आज कुणास ठाऊक का, मी विचारलंच.

"आणि ही आत्ता पितेय ते?"

भाऊजी बाटलीचं घट्ट बसलेलं झाकण पुन्हा पुन्हा आवळत राहिले.



"ते तीन महिन्यांनी कळेल, वहिनी. आमच्या पोरांनाही रतीब तुमचाच आहे."