नकाशात नसलेला आड

"गुणमाला, पाणी ज्या आडाचं, जिवाणी त्याच आडात सोडायची. थेंब दुसरीकडं जाऊ द्यायचा न्हाई."

सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली, तरी पाणी गाळताना गुणमालाला हे ऐकू यायचंच. सकाळी आडातून भरलेलं पाणी ती आत्ता पुन्हा गाळत होती. बाहेर परसात बांधकाम परवानगीचे साहेब जागा बघायला आले होते आणि त्यांनी पाणी मागितलं होतं.

परसात लेकीसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. प्रियदर्शनीची शिरवळहून सांगलीला बदली झाली होती. जवळ राहीन, पण चूल माझी वेगळी, असं तिनं आधीच सांगून ठेवलेलं. नकाशा वीरधवल इंजिनिअरनं काढला. आड दाखवला तर पाया लांब घ्यावा लागतो आणि मग एकच खोली बसते, म्हणून त्यानं आडच दाखवला नाही. गुणमालाला हे आज सकाळी कळलं, अर्जावर सही करून महिना झाल्यावर. तिचे यजमान भूपालअण्णा यांनी आडावर पत्रा टाकला, पत्र्यावर सांडगे वाळत घातले आणि तिला म्हणाले, "तू खोटं बोलू नको. नुसतं बोलूच नको."

तेवढं तिला जमलं. साहेबांना तांब्या दिला, बोलली नाही. वीरधवल टेप धरून "हितनं तितपर्यंत मोकळीच जागा हाय, साहेब," म्हणाला, तेव्हाही बोलली नाही. मग गाळायचं फडकं छोट्या बादलीत धुऊन घेतलं आणि ती रोजच्यासारखी परसात आली. सांडगे एकेक करून ताटात काढले. पत्रा सरकवला. तळाला कडी असलेली ती छोटी बादली दोरानं सावकाश खाली सोडली. पाण्याला टेकून ती अलगद कलंडली, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, मागं सगळे गप्प झालेत.

"काकू, हे काय?" साहेबांनी विचारलं.

"जिवाणी. पाण्यातले बारीक जीव. जिथले तिथं परत सोडते."

"ते कळलं. मी आडाचं विचारतोय."

वीरधवल शेवग्याकडं बघायला लागला. भूपालअण्णा म्हणाले, "जुना हाय साहेब. नसल्यातच जमा."

"न्हाई, पाणी आहे त्याला," गुणमाला म्हणाली. "अर्जावर सही माझी आहे. न वाचता केली. चूक माझी."

साहेबांनी आडात वाकून पाहिलं. "बुजवणार आहात?"

"न्हाई."

"मग शेजारी शेजारी खोल्या कशाला? एकावर एक घ्या की. बाहेरनं जिना द्या. बसतंय." त्यांनी फाईल मिटली. "पण हा अर्ज मागं घ्यायचा. नव्यात आड लिहायचा, तुमच्या हातानं. आणि स्वतः आणून द्यायचा."

"उद्या सकाळी आणते."

साहेब गेल्यावर भूपालअण्णांनी वीरधवलकडं बघितलं. "एवढा शिकलास गड्या, आणि जिना सुचला न्हाई?"

"अण्णा, सांडग्यांची आयडिया कुणाची?"

"माझीच रं. आता ही प्रायश्चित्त घेऊन मीठ सोडणार आणि आठ दिवस आळणी आमटी मी खाणार."

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं झाल्यावर, गुणमालानं लेकीला फोन करून सगळं सांगितलं. प्रियदर्शनी हसली. "एकावर एक? मग वरनं तू दिवसभर दिसशील की गं, आई."

दुसऱ्या दिवशी देवदर्शन करून आल्यावर गुणमालानं अर्ज लिहिला. 'आड एक. पाणी बारमाही.' खाली सही केली आणि पूर्ण कागद दोनदा वाचला. वीरधवलचा फोन आला. "काकू, मी तिकडंच निघालोय. गाडीवरनं देऊन टाकतो."

"नको रे बाळा. मी शब्द दिलाय."

भूपालअण्णांनी घड्याळाकडं बोट केलं. "अगं, ऑफिस दहाला उघडतं. आता कुठं आठ वाजलेत."

"साहेबांना वाट बघायला लागू नये," ती म्हणाली. कागद पदराखाली धरून तिनं फाटक आवाज न करता लावून घेतलं.