खिडकीतला सभासद

अनुदान समितीचे चार सभासद खुर्च्यांवर बसले होते आणि पाचवा खिडकीत. ज्याच्यावर संशोधन करायचं त्याचीच परवानगी हवी, असा आता नियमच होता. म्हणून गळ्यात भाषांतर-यंत्र अडकवलेला हा कावळा!

"मॅडम, दहीभात आणलात ना?" अध्यक्ष खुसखुसले.

डॉ. शलाका ढमढेरे हसल्या नाहीत. आज नकार आला, तर कावळ्यांच्या भाषेची त्यांची प्रयोगशाळा कायमची बंद होणार होती.

कावळ्याने मान तिरकी केली. "इतकी वर्षं आमचं ऐकलंत. काय कळलं ते कुणाला सांगितलंत?"

"शोधनिबंध छापलेत की!"

"आम्ही वाचत नाही."

मॅडमनी कावळ्याच्या पाठीमागे बाहेर पाहिलं आणि ताडकन उठल्या. खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून, यंत्राबिंत्राशिवाय, स्वतःच्या घशातून त्या अश्शा काही ओरडल्या, की अध्यक्षांचा चहाच सांडला. यंत्राने बिचाऱ्याने त्याचंही इमानदारीत मराठी केलं: "ससाणा! ग्रंथालयाच्या गच्चीवर! पिल्लं सांभाळा!"

क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग समोरच्या शिरीषाच्या झाडावरून अख्खा थवा उठला, ससाण्यावर तुटून पडला आणि त्याला पार मैदानापलीकडे पिटाळून आला.

"तुमचं मत?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

कावळा अजून मॅडमकडेच बघत होता.

"उच्चार भयंकर आहेत," तो म्हणाला. "मंजूर. पण रोज सकाळी शिकवणीला यायचं."