निरोप्याची सुट्टी

घरी आई-बाबा एकमेकांशी माझ्यामार्फतच बोलतात. "मृण्मयी, बाबांना सांग, जेवायला वाढलंय." "आईला म्हणावं, भूक नाही." म्हणून मीच हट्ट करून सहलीसाठी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, बुक करायला लावली. आत एकच टेबल, आणि दार लावून बसायला दुसरी खोलीच नाही!

मुळशीला बाबांनी गाडी पाण्याजवळ लावली आणि मी जाहीर केलं, "निरोप्या आजपासून सुट्टीवर. तुमचं तुम्ही बोला!"

आणि काय सांगू, दोघं काठावर चक्क तासभर बोलत बसले! मी आत नाचत नाचत तिघांसाठी मॅगी केली.

दोघं बरोबरच आत आले. आईचे डोळे लाल होते.

बाबा म्हणाले, "आमचं एकमत झालंय, बाळा. आमच्यापैकी कुणाकडे राहायचं, ते तूच ठरवायचंस."