बाईंच्या वाटणीचा चहा

कॉम्प्युटरनं तीनदा शिट्टी वाजवली आणि पडद्यावर लिहिलं : कीबोर्ड सापडत नाही, पुढं जायचं असल्यास कीबोर्डवरचं एफ-वन दाबा.

"काय म्हणते?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"कुलपाच्या आतच किल्ली आहे म्हणते, बाई. तिच्यानंच उघडा."

शाहनवाजनं दुसरा कीबोर्ड जोडला. अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्याच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात दुपारचे दोन वाजले होते. बाहेर सेहेचाळीस डिग्री. बाईंची सुरतेची गाडी पाचला होती. रिटायर होऊन त्या कायमच्या लेकीकडं निघाल्या होत्या. त्याआधी शाहनवाजला त्यांच्या शाळेतला हा कॉम्प्युटर सुरू करून दाखवायचा होता आणि मग एक कबुली द्यायची होती. कबुली अकरा वर्षं जुनी होती. नुसत्या तोंडानं ती बाहेर येत नव्हती, म्हणून सोबतीला मशीन पाहिजे होतं.

"चहा सांगू, बाई?"

"मी चहा घेत नाही रे. भुलला काय?"

भुलला नव्हता. सगळं तिथूनच तर सुरू झालं होतं.

"मंग जवळ तरी या. तिथून काय दिसते?"

"मले खिडकीतूनच सवय आहे," बाई खिडकीबाहेरून म्हणाल्या.

खरं होतं. सातवीचं जवळजवळ सगळं वर्ष बाईंनी कॉम्प्युटर खिडकीबाहेर उभं राहून शिकवला होता. उन्हात छत्री, पावसात तीच छत्री. बाई करंटला भितात, असं पोरांचं मत होतं. शाहनवाजचंही होतं. कॉलेजात गेल्यावर पहिले दोन दिवस तो सरांना खिडकीबाहेर शोधत होता.

शाळा वलगावकडची. कापसाला भाव होता तेव्हा एका जिनिंगवाल्यानं तिला हा कॉम्प्युटर दिला. मग भाव पडला, जिनिंग बंद झालं, पोरं कामाला लागली, वर्ग रिकामे झाले आणि कॉम्प्युटर भंगारात गेला. शाहनवाजनं तो अमरावतीच्या भंगारवाल्याकडून सोडवला आणि एसटीत मांडीवर बसवून आणला.

"वय?" कंडक्टरनं विचारलं होतं.

"बारा."

"पुरे बारा? मंग फुल तिकीट."

आता पडद्यावर तारीख उमटली. १ जानेवारी १९८०.

"आतला सेल मेला. त्याच्या हिशोबानं मी अजून जन्मलोच नाही, बाई."

"मंग मी रिटायर काहून झाली?"

यावर मशीननं शेवटचं उत्तर दिलं : हार्ड डिस्क सापडत नाही. शाहनवाजनं वायर काढून पाहिली, लावून पाहिली, कान लावला. आतली तबकडी चिकटून बसली होती. फिरायचं नावच घेत नव्हती.

सातवीत असताना शाळेत चार शिक्षक होते. हेडसर डोकी मोजून चहा मागवायचे. कोण पितं, ते मोजायचे नाहीत. त्यामुळं बाईंच्या नावाचा चौथा ग्लास रोज यायचा आणि ट्रे आणणारा शाहनवाज तो रोज संपवायचा. एकदा तो ग्लास घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत घुसला. पडद्यावर लुकलुकणारी हिरवी रेघ जवळून पाहायची होती. रेघ पाहून झाली तेव्हा चहा कीबोर्डनं प्यायला होता.

हेडसर म्हणाले, सापडला की शाळेतून काढतो. काढल्यावर पुढं काय, ते शाहनवाजला पाठ होतं. अब्बा अब्दुल गफ्फार गाद्यांचा कापूस पिंजायचे आणि दुसरं पिंजण भिंतीवर त्याचीच वाट पाहत होतं. दोन दिवस चौकशी चालली. तिसऱ्या दिवशी कोणी काही विचारलंच नाही. त्या गुरुवारी शाहनवाजनं दर्ग्यात खडीसाखर चढवली. त्यानंतर एकही गुरुवार चुकवला नव्हता.

"क्या हुआ?" हलीमाबी दुकानावरच्या गच्चीवरून कुरडया पालटून खाली आल्या.

"अटक गई, अम्मी. घूमती नहीं."

"तो धूप दिखा."

हलीमाबींच्या मते ओल हा एकच आजार होता आणि ऊन हे एकच औषध. तूरडाळ, रजया, लोणच्याच्या बरण्या, पावसाळ्याआधी घरातलं सगळं त्या उन्हात काढत. शाहनवाजकडं दुसरा इलाज नव्हता. तासभर कॉम्प्युटर गच्चीवर कुरडयांच्या मधोमध पडून राहिला. मग शाहनवाजनं तो अम्मीच्या ओढणीत धरून, चटके खात, खाली आणला.

बटण दाबलं. आत काहीतरी खरडलं, अडलं आणि गुणगुणू लागलं. अकोल्याच्या मे महिन्याचे आभार मानणारा शाहनवाज बहुधा पहिलाच माणूस असावा.

फायलींची यादी आली. त्यात एक पोरांना मनाई असलेली होती. बोट आपोआप तिच्याकडं गेलं.

"ते राहू दे," बाई घाईनं म्हणाल्या. "माही गाडी सुटीन."

"बाई, आधी माझं ऐका. त्या दिवशी तो चहा..."

पण बोट दाबून झालं होतं. हेडसरांची बिघाड-नोंद. इंग्रजी अक्षरांत मराठी.

*कीबोर्डवर चहा सांडला. ग्लास वच्छलाबाईंचा. कबुली त्यांनी स्वतः दिली. शिक्षा : वर्षअखेरपर्यंत संगणक कक्षात पाऊल ठेवू नये.*

शाहनवाजनं ते दोनदा वाचलं. मग खिडकीकडं पाहिलं. बाई बाहेर उन्हात उभ्या होत्या. हातात छत्री होती.

गुरुवार होता. त्यानं खिशातली खडीसाखरेची पुडी काढली आणि खिडकीतून बाईंच्या हातावर ठेवली.

"बाई," तो म्हणाला, "तुमी तं चहा घेतच नाही."

बाईंनी एक खडा तोंडात टाकला.

"घेत असती तं सांडला असता काय?"